डाव्या पायाची वहाण

हांग मा गल्ली, हनोई
२७ ऑगस्ट १९९३

चि. सौ. लुआ हिस,
मिएनताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येऊन इतके दिवस झाले आणि मी आज उत्तर लिहितेय म्हणून फुगून बसू नकोस. सातवा, पितरांचा महिना लागला की आपल्या गल्लीत कोणाला शिंकायलाही सवड नसते, हे तू डोंग हाला नांदायला गेलीस म्हणून विसरलीस की काय? दुकानातून रस्त्यावर यायचं तर अंग चोरून यावं लागतं. लाल, पिवळे, मोरपंखी ताव छतापासून लोंबताहेत, सोनेरी कागदाच्या विटांची चळत पार फुटपाथवर गेलीये, आणि यंदाची नवी टूम म्हणजे मेलेल्यांसाठी जाळायची कागदी मोटारसायकल. आई म्हणते, जो माणूस जिवंतपणी सायकलवरून पडत होता त्याला मेल्यावर हे कोण शिकवणार? पण गिऱ्हाईक नुसतं तुटून पडलंय. वॉर्डाचे लोक येऊन अंधश्रद्धा अंधश्रद्धा म्हणत माल उचलून न्यायचे आणि आपण नुसते पोरांचे कंदील करून दिवस काढायचो, ते आठवलं की हे सगळं दुसऱ्याच कोणाच्या गल्लीत चाललंय असं वाटतं.

आई ठीक आहे. खळ अजून स्वतःच शिजवते, कारण माझ्या खळीत म्हणे गुठळ्या होतात. टोप्या, घोडे, बायकांची वस्त्रं, सगळं करते. फक्त मी गेल्या वर्षीपासून हिरव्या कागदाचे शिपायाचे पोशाख करायला घेतलेत, त्यांना ती बोट लावत नाही. बाजूने जातानासुद्धा पदर सावरावा तशी बाही सावरते.

तुझा डांगदादा लढाईवर गेला तेव्हा तू दोन वेण्या घालून शाळेत जात होतीस. पुढे तो गेल्याचा सरकारी कागद आला, त्यावर त्याचं नाव होतं, पण दिवस नव्हता की जागा नव्हती. आईने तो आणणाऱ्याच्या हातात परत ठेवला होता, तुला आठवत असेल. म्हणाली होती, माझा जन्म कागदात गेला, कागदाची किंमत मला शिकवू नका. तेव्हापासून घरात त्याच्या नावाची उदबत्ती नाही, पूर्वजांच्या फळीवर फोटो नाही. सगळ्या गल्लीच्या मेलेल्यांना आपण कपडे पुरवतो, पण त्याच्या नावाने कागदाचा कपटाही जाळायचा नाही. जिवंत माणसाच्या नावाने जाळलं तर तो तिकडे ओढला जातो, हे लहानपणापासून आपण ऐकत आलोय. मी ते खरं मानते की नाही, हे मला काल दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

लुआ, माझ्या हातून काय झालंय ते सांगते. आधी बस कुठेतरी.

काल नाम डिन्हकडच्या खेड्यातली एक बाई शिपायाचा पोशाख घ्यायला आली. नवऱ्यासाठी. तिला लिहिता येत नाही, म्हणून नाव, गाव, गेल्याचा दिवस मीच लिहायचा होता. मागे गिऱ्हाइकांची रांग, शाई संपत आलेली, आई आतून खळीबद्दल ओरडतेय. बाईने नाव सांगितलं, वू वान डोआन. मी मान डोलावली, लिहिलं, सदरा, पँट, हेल्मेट, टायरच्या वहाणा असं सगळं बांधून दिलं आणि ती गाडी गाठायला गेली. दुपारी जरा उसंत मिळाली म्हणून लिहायच्या पाटावरचा खालचा कागद बदलायला गेले. आपला कागद पातळ, शाई खाली उतरते, तुला ठाऊकच आहे. त्या कागदावर दिवसभराची सगळी नावं उमटलेली होती. आणि त्यांच्या मधोमध माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, वू वान डांग, हांग मा गल्ली. दिवस मात्र त्या बाईच्या नवऱ्याचा.

वू वान पर्यंत हात बरोबर होता, पुढे तो आपल्याच घरी आला. बाईचं गाव मी नीट विचारलं नव्हतं, आता कुठे शोधू? पौर्णिमेला ती अंगणात ते सगळं पेटवणार. आणि एवढं कमी म्हणून काउंटरखाली डाव्या पायाची कागदी वहाण पडलेली सापडली. घाईत बांधायची राहिली.

आईला यातलं काही कळू द्यायचं नाहीये. तू मात्र लगेच लिही. मला वेडी म्हण, शिव्या दे, पण लिही. थिन्हरावांना नमस्कार, छोट्या थ्वाला गालगुच्चा.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
मिएनताई


डोंग हा
६ सप्टेंबर १९९३

ती. मिएनताईस,
लुआचे कृतानेक नमस्कार. वि. वि.

वेडी. घे, म्हटलं. तूच मागितलंस.

ताई, अगं कागद तो. धूर झाला, राख झाली, संपलं. डांगदादा कुठे असेलच तर त्या कुठल्याशा अंगणातल्या राखेने त्याचं काही वाकडं होणार नाही. हे थिन्ह म्हणतात. मी त्यांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, आणि मग हे म्हणाले. रेल्वेतल्या माणसाला एवढं सुचलं हेच खूप.

पण तुझं पत्र वाचून मलाही जेवण गेलं नाही, खोटं कशाला बोलू. इथे येऊन राहिल्यापासून मला एक सवय लागलीये. शेतात कोणाचा नांगर अडला, कोणाच्या विहिरीच्या खड्ड्यात हाडं निघाली की मी थ्वाला कडेवर घेऊन बघायला जाते. बुटाचा तुकडा, बकलं, पाण्याची बाटली, त्यावर कधी खिळ्याने कोरलेलं नाव असतं. मी नाव वाचते आणि घरी येते. आईला कधी लिहिलं नाही, तूही सांगू नकोस.

पौर्णिमा झाली. आईने नेहमीसारखी बेवारस आत्म्यांसाठी पेज घातली असेल ना? आमच्याकडे लोक नदीवर जातात. सगळा काठ नुसता धुराने भरला होता. आई काय म्हणते, कशी आहे, ते बारकाईने कळव. वरवर लिहून माझी बोळवण करू नकोस.

इथली मिरची पाठवतेय. बेतानेच खा, मागच्या वेळी रडत होतीस म्हणे.

दोघींच्या मायेची सदैव भुकेली,
लुआ


हांग मा गल्ली
१९ सप्टेंबर १९९३

चि. सौ. लुआ हिस,
अनेक आशीर्वाद.

मिरची मिळाली. मी रडत नव्हते, कांदा चिरत होते.

तू बारकाईने लिही म्हणालीस, म्हणून लिहिते. एरवी हे मी कोणाला सांगितलं नसतं.

पौर्णिमेला आईने दाराशी पेज घातली. दरवर्षीसारखीच, वडाच्या पानांचे द्रोण करून, एकेक पळी, पातळ, मिठाची. मला हात लावू देत नाही हे तुला माहीत आहे. दरवर्षीसारख्याच शेवटच्या पानावर मुंग्या लागल्या. इतर पानांकडे एकही मुंगी फिरकत नाही आणि त्या एका पानाभोवती काळी किनार. लहानपणी आपण म्हणायचो ना, की त्या पानावरचं भूत मुंग्यांना आवडतं. यंदा मला ते बघवेना, मी आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धूत होते. आई शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, डांग आला होता. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. आई त्याची स्वप्नं बघते हे आपल्याला माहीत आहे, पण ती कधी सांगत नाही. त्या दिवशी सांगितलं. म्हणाली की इतकी वर्षं तो येतो तेव्हा समोरच्या फुटपाथवर उभा असतो. जाताना घातलेला पांढरा सदरा, निथळत असलेला. ती हाक मारते, तो हसतो, पण रस्ता ओलांडून येत नाही. त्या रात्री आला तो कोरडा होता. अंगावर हिरवे कपडे, कडक, नुकते घडी मोडलेले. हलला की कपड्यांचा आवाज व्हायचा, आपल्या दुकानात वारा शिरल्यावर होतो तसा. आणि लंगडत होता. डाव्या पायात काही नव्हतं.

एवढं सांगून ती माझ्या हातांकडे बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. माझ्या नखांत शाई होती, ती कधी जातच नाही. मग म्हणाली, उजव्या खांद्याची शिवण तिरपी होती, कोणी केला तो सदरा कोण जाणे, आणि आत गेली.

लुआ, उजव्या बाहीला खळ लावताना मी नेहमी तिरपी लावते. त्यावरून आईच्या शिव्या खाल्ल्यात मी.

म्हणजे त्याला पोचलं. पोचलं म्हणजे तो तिकडचा आहे. पण तो आधीपासून तिकडचा होता, की माझ्या हाताने त्याला तिकडे नेलं? कुठल्याशा गावात बायकापोरांत बसलेला चाळिशीचा माणूस, त्या पौर्णिमेला जेवता जेवता आडवा झाला असेल तर? रात्रंदिवस हेच डोक्यात घुमतंय. दुकानात कागद सळसळला तरी मी मागे वळून बघते. पुढच्या आठवड्यात कंदिलांची पौर्णिमा, गल्लीत पोरांचा नुसता धुमाकूळ, चांदणीचे कंदील, माशाचे कंदील, मुखवटे, ढोल, आणि मी मेलेल्यासारखी गल्ल्यावर बसलेय.

आणखी एक. ती डावी वहाण मी काउंटरखाली जुन्या तावात गुंडाळून ठेवली होती. काल बघितलं तर नाही. उंदराने नेली म्हणावं तर ताव तसाच, घडी घातलेला.

हिरवे पोहे आलेत, कमळाच्या पानात बांधून पाठवतेय. शिळे होतील वाटेत, तरी वास राहील.

तुझी, घाबरून अर्धी झालेली,
ताई


डोंग हा
५ ऑक्टोबर १९९३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोह्यांचा वास राहिला होता. थ्वाने पान गालाला लावून ठेवलं.

ताई, हे पत्र आई जवळ नसताना वाच. आतल्या खोलीत जा.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ते थिन्हना वाचून दाखवलं. निथळणारा सदरा म्हटल्याबरोबर त्यांनी माझा हात धरून मला थांबवलं. म्हणाले, उन्हाळ्यात माझी सायकल दुरुस्त करणारा माणूस बहात्तरच्या लढाईत थाच हान नदीवर होता. जुन्या किल्ल्यासमोर त्याचं पंक्चरचं दुकान आहे, ख्वात नाव. आपण नुसतं विचारून येऊ.

रविवारी गेलो. मी म्हटलं, हनोईचा एक मुलगा होता, वू वान डांग. ख्वातने मान वर केली नाही, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत राहिला. मग म्हणाला, कागदवाल्यांचा का? ताई, मी त्याला हांग माचं नावही सांगितलं नव्हतं.

त्याने सगळं सांगितलं, ते असं. दोघं एका तुकडीत होते. आठव्या महिन्याची पौर्णिमा जवळ आली होती, तर डांगदादाने बॅटरीच्या वेष्टणाचा कागद आणि बांबूच्या कामट्या घेऊन चांदणीचा कंदील केला. खळ नव्हती म्हणून भाताने चिकटवला. उजेड करायची बंदी होती, तो पेटवता येईना. सगळे चेष्टा करायचे. हा म्हणायचा, घरी नेऊन पेटवीन, आमच्या गल्लीत तुमच्या गावच्या घरांपेक्षा जास्त कंदील असतात. पौर्णिमेच्या सहा दिवस आधी त्यांना नदी ओलांडून माघारी यायचा हुकूम झाला. काठावरच्या चिखलात दादाची एक वहाण रुतून बसली. ओढायला गेला तर पट्टाच तुटला. हसला आणि म्हणाला, आता आई पायाकडे बघून दारातच उभा करणार. तसाच होडीत चढला. मध्यावर होडीवर गोळा पडला. ख्वातला दुसऱ्यांनी ओढून काढलं. दादा वर आला नाही. पाणी फार होतं त्या दिवसांत.

मी विचारलं, कुठल्या पायातली वहाण. त्याला आठवेना. फार आठवून बघितलं बिचाऱ्याने, पण नाही आठवलं.

तर ताई, तू कोणाला नेलं नाहीस. तो गेला तेव्हा वीस वर्षांचासुद्धा नव्हता. बायकापोरांत बसलेला तो माणूस तू डोक्यातून काढून टाक, तो कधीच नव्हता. हे लिहिताना मलाच रडू आवरत नाहीये, कारण तो माणूस माझ्याही डोक्यात होता. मी त्याला दोन मुलगे दिले होते.

आता आईला कोणी सांगायचं? तिचं सगळं घर त्या एका गोष्टीवर उभं आहे, की तो आहे. सांगितलं आणि ती कोसळली तर आपण काय करणार? आणि नाही सांगितलं तर दिवस माहीत असूनही दादाचं श्राद्ध नाही, फळीवर जागा नाही. मला काही सुचत नाही. तू मोठी आहेस, तू ठरव.

तुझ्या कुशीत डोकं खुपसून रडावंसं वाटणारी,
लुआ


हांग मा गल्ली
११ जानेवारी १९९४

चि. सौ. लुआ हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. ठरव म्हणालीस, ठरवता आलं नाही, म्हणून.

पहिले काही दिवस मला सुटल्यासारखं वाटलं. मग लाज वाटली, की भाऊ गेल्याची बातमी कळली आणि बहीण सुटलेपणाचा श्वास टाकते. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला तो चांदणीचा कंदील हातात घेऊन कसा पळायचा, मेणबत्ती विझली की माझ्या अंगावर ओरडायचा, ते सगळं आता आठवायला मोकळीक मिळाली. इतकी वर्षं आठवायचीसुद्धा भीती वाटायची, त्याला मेलेलं धरल्यासारखं होईल म्हणून.

आईला सांगायला रोज जाते आणि रोज परत येते. तोंड उघडते आणि खळीला किती पाणी घालू असं काहीतरी विचारते. ती म्हणते, चाळिशी उलटली आणि अजून हे विचारतेस. त्यात तिचं काही ठीक नाही. खोकला आहे, पण खोकल्याचं मी म्हणत नाही. पूर्वी सकाळी उठायची तेव्हा थकलेली असायची, पण चेहऱ्यावर तेज असायचं. आता गाढ झोपते आणि उठते तेव्हा चेहरा पार उतरलेला. दुकान उघडायच्या आधी पंखा हातात घेऊन दारात बसते आणि समोरचा फुटपाथ बघत राहते. तिथे आता फुलपुडीवाली बसते, तिला वाटतं आई तिच्याच वाटेवर डोळे लावून आहे, रोज दोन फुलं आणून देते. आई ती हुंगतसुद्धा नाही, तशीच सुकतात. मी एकदा विचारलं, डांग स्वप्नात येतो का गं? तर तुटकपणे म्हणाली, तुला काय करायचंय.

तू टेटला ये. नववर्षाला थिन्हरावांची ड्यूटी असेल, तर त्यांना राहू दे, तू थ्वाला घेऊन ये. आपण दोघी मिळून सांगू. मला एकटीला हे पेलणार नाही. स्वैपाकघराच्या देवाला निरोप द्यायच्या आधी आलीस तर बरं, म्हणजे तो वर जाऊन आपल्या घरचं खरं तेच सांगेल.

ती वहाण अजून सापडलेली नाही.

वाट बघते, नेहमीपेक्षा जास्त,
मिएनताई


डोंग हा
२४ जानेवारी १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

थ्वाला गोवर आलाय. अंगभर लाल. गाडीत घेऊन निघणं शक्यच नाही. मी रडून घेतलं, आता तूही घे. आईला सांगू नकोस, एवढंच म्हणते. वसंतात मी येईन, तोपर्यंत तोंडाला कुलूप. थ्वा बरी झाली की लगेच कळवते. आईला माझ्याकडून दोन घास जास्त खायला घाल.

तुझी धाकटी, पाय बांधलेली,
लुआ


हांग मा
५ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. लुआस, आईचे आशीर्वाद.

अक्षर मोठं येतंय, मला बारीक दिसत नाही. मिएनला लिहायला सांगितलं असतं, पण हे तिने लिहिण्यासारखं नाही. आणि तिच्या हाताचा सध्या भरवसाही नाही.

थ्वाच्या गोवराला कडुनिंबासारखं काही कडू मिळालं तर त्याच्या पाण्याने पूस. खाजवू देऊ नकोस. पोर नखाने चेहरा खराब करून घेते, मग जन्मभर आईला बोल.

आता ऐक. परवा स्वैपाकघराच्या देवाचा दिवस होता, मिएन त्याच्या वाहनाचे जिवंत मासे आणायला डोंग स्वान बाजारात गेली होती, मी गल्ल्यावर. नाम डिन्हकडची एक बाई आली. शिपायाचा पोशाख पुन्हा हवा म्हणाली. मी विचारलं, पुन्हा का? तर रडायला लागली. म्हणाली की सातव्या महिन्यात इथूनच नेला, विधिवत जाळला, आणि तेव्हापासून नवरा स्वप्नात येतो तो उघडा, थंडीने काकडत. कपडे मिळाले का विचारलं की मान हलवतो. म्हणाली की कागद खोटा होता का? मी म्हटलं, कागद खरा होता बाई, पत्ता चुकला. तिला काही कळलं नाही. मी स्वतः तिच्या नवऱ्यासाठी पोशाख बांधला. हिरव्या कागदाला पहिल्यांदा हात लावला. नाव तीनदा विचारून लिहिलं आणि तिला हातही जोडले. वरून एक ऊबदार कोट दिला, कारण त्या माणसाने पाच महिने आमच्यापायी थंडी सोसली.

मिएन आली तेव्हा मी तिला समोर बसवलं. तिने सगळं ओकून टाकलं. तुझा पंक्चरवाला, होडी, कंदील, सगळं. मग मला धरून बसली, जशी काही मीच बुडणार होते. मी तिला म्हटलं, सोड, मासे परातीतून उड्या मारताहेत.

तुम्हा दोघींना वाटतं की आईला माहीत नव्हतं. पोरींनो, साठ वर्षं मी मेलेल्यांचे कपडे करतेय. माणूस फुटपाथवर उभा राहून निथळतो आणि रस्ता ओलांडत नाही, तो कुठला असतो हे मला कोणी सांगायला हवं होतं का? ज्या वर्षी पहिल्यांदा तसा दिसला त्याच वर्षी मला कळलं. पाण्यात गेला, हेही कळलं.

मग नाव का लिहू दिलं नाही, असं मिएनने विचारलं. तिला मी काही बोलले नाही. तुला सांगते, कारण तुलाही पोर आहे. नाव लिहिलं, कपडे पोचले, श्राद्ध घातलं, की तो पूर्वजांच्यात जाऊन बसणार. मोठ्या लोकांच्या पंगतीत, तुझ्या आजोबांशेजारी, मान खाली घालून. मग तो वर्षातून एकदा बोलावल्यावर येणार. बेवारस असला तर त्याला माझ्या दाराशिवाय कुठे जायचं? दर पौर्णिमेला, कधी अधेमधेही, तो समोर उभा असायचा. मी त्याला उपाशी ठेवलं नाही. बेवारस आत्म्यांची पेज मिठाची असते, पण शेवटच्या पानात मी उसाचा गूळ कालवायचे. लहानपणी तापातसुद्धा तो मिठाची पेज प्यायचा नाही, थुंकायचा. गुळाची असली की पान चाटायचा. बाकीचे आत्मे त्या पानाकडे जाऊ नयेत म्हणून मी तिथेच बसून राहायचे. मुंग्यांचं तुम्ही दोघी हसून सांगायचात ना, त्या गुळाला लागायच्या.

तर मी त्याला जेवू घातलं, पण बेघर ठेवलं. मला तो दिसावा म्हणून.

त्या रात्री कपडे घालून आला तेव्हा पहिल्यांदा त्याने रस्ता ओलांडला. माझ्यासमोरून लंगडत आत गेला, फळीकडे. मागे वळून बघितलं नाही. त्यानंतर एकदाही आला नाही. मिएनच्या हातावर माझा फार राग होता, महिनोन् महिने. आता गेला. तिच्या हाताने जे केलं ते मी करायला हवं होतं, आणि मी कधीच केलं नसतं.

वहाण मीच उचलली होती. काउंटरखाली काय पडलंय ते मला वाकल्याशिवाय दिसतं. सोबत पाठवतेय, चपटी केलीये, हलक्या हाताने उघड. तळाला आतून त्याचं नाव मी लिहिलंय, गाव लिहिलंय, आणि तुझ्या पंक्चरवाल्याने सांगितलेला दिवस. पहिल्यांदाच लिहिलं, तर अक्षर जरा हललंय, तेवढं चालवून घे. जिथे त्याची रुतली तिथे नदीकाठी जाऊन जाळ. शेजारी उसाचं एक लांब कांडं ठेव, तिकडे काही वाहून न्यायचं झालं तर खांद्यावर घ्यायला कावड हवी. ख्वातला बरोबर ने. त्याला सांग की त्या होडीतून तो परत आला म्हणून मी त्याच्यावर रागावलेली नाही, आणि त्याने आमच्या घरी एकदा जेवायला यावं.

आठव्या महिन्यात आपण डांगचं श्राद्ध घालू. फोटो मी फळीवर ठेवलाय. शाळेतला आहे, कान मोठे दिसतात. मिएन म्हणते की दुसरा शोधू. मी म्हटलं, राहू दे, कानांवरून आजोबा त्याला ओळखतील.

आणि एक सांगायचं राहिलं. येत्या सातव्या महिन्यात माझ्या शेवटच्या पानाला कोणी येणार नाही. तू तिथे नदीवर पेज घालायला जाशील तेव्हा गूळ सगळ्याच पानांवर घाल, एकही पान बिनगुळाचं ठेवू नकोस. तिथे कोणाकोणाची पोरं उभी असतील, आणि त्यातल्या कोणाला काय आवडायचं ते त्यांच्या आयांनाच ठाऊक.

थ्वाला मांडीवर घे. तुझ्यावर माझा जीव आहेच, तो वेगळा काय लिहायचा.

आई